अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीचं मध्यक कुटुंब-उत्पन्न: आकडा कुठून घ्यावा आणि कसा काढावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांचं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २०१० ते २०२२ असं दरवर्षीचं मध्यक कुटुंब-उत्पन्न हवं आहे. सेन्सस ब्युरोच्या, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या, सर्वेक्षणातून एकेका वर्षाचे आकडे जेमतेम चौथाई काउंट्यांचे मिळतात. उरलेल्यांसाठी तिने तीन वाटा सुचवल्या आहेत: काउंटीतल्या ट्रॅक्टांच्या, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या भागांच्या, मध्यकांची सरासरी घेणं, राज्याच्या आकड्याला ठरावीक गुणोत्तर लावणं, किंवा पाच वर्षांचा आकडा मधल्या वर्षाच्या नावावर टाकणं. शिवाय छोट्या काउंट्यांचे आकडे दरवर्षी उड्या मारतात, तर त्या वगळून टाकाव्यात का, असंही तिने विचारलं आहे.

आधी उत्तर देते, मग कारणं. पहिली वाट कधीच धरू नका. दुसरीही नको. तिसरी एका विशिष्ट कामापुरती चालते, पण तुमचं काम ते नव्हे. तुम्हाला हवी असलेली मालिका सेन्सस ब्युरो स्वतःच दरवर्षी तयार करतं. तिचं नाव 'स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स'. जवळजवळ प्रत्येक काउंटीचा, प्रत्येक वर्षाचा मध्यक तिच्यात आहे, सोबत ९० टक्के विश्वासाची खालची-वरची मर्यादाही आहे. ती घ्या. पण ती कशी बनते हे कळल्याशिवाय वापरू नका, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा मोजलेला नसून अंदाजलेला आहे. हा फरक तुमच्या प्रबंधात दोन-तीन ठिकाणी आडवा येणार आहे.

मध्यकापासून सुरू करू. काउंटीतली सगळी घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने रस्त्याच्या कडेला ओळीने उभी केली आहेत अशी कल्पना करा. बरोबर मधल्या घराचं दार ठोठावून तिथलं उत्पन्न विचारायचं, तो मध्यक. या कामाच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे पाच काउंट्यांच्या एका आरोग्य-विभागाचा मध्यक काढायचं काम आलं होतं. मी पाच काउंट्यांचे मध्यक घेतले, लोकसंख्येचं वजन देऊन सरासरी काढली आणि तक्ता पुढे पाठवला. आमच्या वरिष्ठ बाईंनी तो परत आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "या पाचही काउंट्यांतली घरं एका ओळीत उभी केलीस, तर मधलं घर हेच येईल का?" मी गप्प झाले. येणार नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःला प्रत्येक तक्त्यापुढे विचारते.

छोटं उदाहरण बघा, आकडे मी मनाने घेतले आहेत. एका वस्तीत पाच घरं आहेत, उत्पन्नं हजार डॉलरमध्ये ३०, ३५, ४०, ९०, ९५. मध्यक ४०. दुसऱ्या वस्तीत पाच घरं: ३८, ८५, १००, ११०, १२०. मध्यक १००. दोन मध्यकांची सरासरी ७०. आता दहाही घरं एका ओळीत लावा: ३०, ३५, ३८, ४०, ८५, ९०, ९५, १००, ११०, १२०. मधली दोन ८५ आणि ९०, म्हणजे मध्यक साडेसत्त्याऐंशी. सत्तर हजारांच्या आसपास तर एकही घर नाही. ट्रॅक्टांच्या मध्यकांची सरासरी घेताना नेमकं हेच होतं. शिवाय एका ट्रॅक्टमध्ये सरासरी चारेक हजार माणसं असतात, त्यांच्यापैकी सर्वेक्षणात आलेली घरं थोडी, त्यामुळे प्रत्येक मध्यकाची त्रुटी मोठी. चुकीच्या पद्धतीत कच्चे आकडे घालून पक्का आकडा निघत नाही.

मग काउंट्या किंवा ट्रॅक्ट एकत्र करायचेच असतील तर काय करायचं? मध्यक बाजूला ठेवायचे आणि घरांची संख्या उचलायची. सेन्ससच्या बी१९००१ या तक्त्यात घरं उत्पन्नाच्या १६ वर्गांत वाटलेली असतात, 'दहा हजारांपेक्षा कमी' पासून 'दोन लाख आणि वर' पर्यंत. संख्यांची बेरीज करता येते, मध्यकांची नाही. बेरीज केल्यावर दहावीच्या बीजगणितात वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढतात तसाच तो काढायचा. समजा दोन काउंट्या मिळून १६,००० घरं आहेत. ६०,००० डॉलरच्या खाली ६,८५० घरं आणि ६०,००० ते ७४,९९९ या वर्गात २,०५० घरं. निम्मी म्हणजे ८,०००. मध्यक वर्गात आपल्याला १,१५० घरं आत जायचं आहे. १,१५० भागिले २,०५०, गुणिले १५,०००, अधिक ६०,०००: उत्तर सुमारे ६८,४१५ डॉलर.

इथे एक बारकावा आहे. हे सूत्र धरून चालतं की वर्गाच्या आत घरं सारख्या अंतरावर पसरली आहेत. उत्पन्नाच्या बाबतीत तसं नसतं. वर जाल तशी घरं विरळ होतात. म्हणून वर्गाची रुंदी २,५०० डॉलरपेक्षा जास्त असली की सेन्सस ब्युरो सरळ रेषेऐवजी पॅरेटो वक्र वापरतं. वरच्याच उदाहरणात पॅरेटोने उत्तर सुमारे ६७,५२५ येतं, म्हणजे जवळजवळ ९०० डॉलरचा फरक. एका आकड्यासाठी हा फरक सोसवतो. पण अर्धे आकडे ब्युरोचे आणि अर्धे तुम्ही सरळ रेषेने काढलेले असं मिश्रण केलंत, तर हा फरक एका बाजूचाच राहील आणि तुमच्या निष्कर्षात शिरेल. पद्धत एक धरा.

आता मूळ अडचण. अमेरिकेत काउंट्या आणि काउंटीच्या तोडीचे प्रदेश मिळून ३,१४० पेक्षा थोडे जास्त आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो, आणि व्हर्जिनियात काही शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. आकाराचा फरक प्रचंड आहे: २०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी माणसं होती आणि टेक्ससच्या लव्हिंग काउंटीत ६४. या सगळ्यांना एकाच सर्वेक्षणाने मापायचं आहे. ते म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, पुढे मी एसीएस म्हणेन. २००५ पासून ते पूर्ण स्वरूपात चालतं आणि दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातं. २००० पर्यंत जनगणनेसोबतच साधारण सहापैकी एका घराला लांबलचक प्रश्नावली मिळत असे, त्यात उत्पन्न विचारलं जाई. २०१० पासून ती बंद झाली आणि उत्पन्नाचा सगळा भार एसीएसवर आला.

३५ लाख हा आकडा मोठा वाटतो, पण छोट्या काउंटीच्या वाट्याला त्यातून एका वर्षात काही डझन घरं येतात. म्हणून ब्युरो एका वर्षाचा नेहमीचा आकडा ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या प्रदेशांचाच छापतं. अशा काउंट्या आठशेच्या थोड्या वर आहेत. बाकीच्यांसाठी पाच वर्षांच्या मुलाखती एकत्र केलेला आकडा असतो. पूर्वी २०,००० लोकवस्तीसाठी तीन वर्षांचाही असे, तो २०११–२०१३ नंतर बंद झाला.

पाच वर्षांचा आकडा म्हणजे मधल्या वर्षाचा आकडा नव्हे. साठ महिन्यांच्या मुलाखती एकाच पातेल्यात घालून, सगळं शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये बदलून काढलेला तो मध्यक आहे. काउंटी स्थिर असेल तर काही बिघडत नाही. पण नॉर्थ डकोटातल्या विल्यम्स किंवा मॅकेंझी काउंटीचा विचार करा. बाकन भागात तेल उपसायला सुरुवात झाली आणि तिथली उत्पन्नं थोड्याच वर्षांत कुठल्या कुठे गेली. २००८–२०१२ च्या आकड्यात तेजीच्या आधीची आणि नंतरची घरं एकत्र आहेत. त्याला '२०१०' म्हणणं चूक आहे. तुमची दुसरी वाट, राज्याच्या आकड्याला गुणोत्तर लावण्याची, याच काउंट्यांत सपशेल पडते: तेलाच्या काउंट्या एका वेगाने धावत होत्या आणि राज्याच्या पूर्वेकडची शेतीची काउंटी दुसऱ्या. राज्याचा बदल सगळ्यांना सारखा वाटून दिलात, तर काउंटी-काउंटीतला जो फरक तुम्हाला अभ्यासायचा आहे तोच पुसला जातो.

पाच वर्षांच्या आकड्यांबद्दल आणखी एक. २०१८–२०२२ आणि २०१९–२०२३ यांत चार वर्षं सामाईक आहेत. त्यांची वजाबाकी करून 'एका वर्षात उत्पन्न एवढं वाढलं' असं लिहिलेले अहवाल मी दरवर्षी वाचते. ती वजाबाकी खरं तर २०२३ आणि २०१८ या दोन टोकांच्या वर्षांमधली आहे, आणि तीही पाचाने भागलेली. तुलना करायची असेल तर न शिवणारे कालखंड घ्या, २०१३–२०१७ आणि २०१८–२०२२ असे. एकाच वेळेचं चित्र हवं असेल, वर्षवार मालिका नको असेल, तर मात्र पाच वर्षांचा आकडा उत्तम आहे. तेव्हा मी स्वतः तोच घेते.

आता सुरुवातीला सांगितलेल्या 'स्मॉल एरिया' मालिकेकडे. तिच्यामागची कल्पना पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि मला अजूनही सुंदर वाटते. १९७२ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने स्थानिक संस्थांना थेट पैसा वाटायचा कायदा केला. वाटणीच्या सूत्रात दरडोई उत्पन्न होतं. म्हणजे शंभर-दोनशे वस्तीच्या गावाचंही दरडोई उत्पन्न हवं झालं. १९७० च्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नमुन्यातल्या घरांनाच विचारला होता, त्यामुळे इवल्या गावांचे आकडे भरवशाचे नव्हते. पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या गावांना सरळ त्यांच्या काउंटीची सरासरी लावली गेली. सेन्सस ब्युरोतल्या रॉबर्ट फे आणि रॉजर हेरिअट यांना हे पटलं नाही. गावाचा स्वतःचा आकडा कच्चा असला तरी त्यात गावाबद्दल काहीतरी खरं आहेच, तो फेकून का द्यायचा? त्यांनी १९७९ मध्ये मधला मार्ग मांडला. गावाचा स्वतःचा आकडा आणि इतर माहितीवरून बांधलेला अंदाज, दोन्ही घ्यायचे. ज्याच्यावर भरवसा जास्त त्याला वजन जास्त.

हे हातात धरून बघू. आकडे पुन्हा मनाचे. एका छोट्या काउंटीत सर्वेक्षणाने मध्यक ४८,००० डॉलर दिला, सोबत मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा खाली-वर किती चुकू शकतो ती मर्यादा, ९,८७०. ब्युरोची मार्जिन ९० टक्क्यांची असते, म्हणून १.६४५ ने भागा: प्रमाण त्रुटी ६,०००. दुसरीकडे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रांवरून आणि इतर नोंदींवरून बांधलेलं रिग्रेशन, म्हणजे आकडा वर्तवणारं समीकरण, म्हणतं की अशा काउंटीचा मध्यक ५५,००० असायला हवा, आणि काउंट्या या रेषेपासून साधारण ३,००० ने इकडेतिकडे असतात. दोन्हींचे वर्ग करा: छत्तीस आणि नऊ, दशलक्षांत. सर्वेक्षणाचं वजन नऊ भागिले पंचेचाळीस, म्हणजे ०.२. अंतिम अंदाज ४८,००० चा पाचवा हिस्सा अधिक ५५,००० चे चार हिस्से: ५३,६००. आता मोठी काउंटी घ्या, जिथे प्रमाण त्रुटी फक्त ६०० आहे. तिथे सर्वेक्षणाचं वजन ०.९६ येतं, रिग्रेशन काहीही म्हणो. लॉस एंजेलिसला कोणाकडून काही उसनं घ्यावं लागत नाही. लव्हिंगला जवळजवळ सगळंच उसनं घ्यावं लागतं. प्रत्यक्षात हे सगळं लॉगॅरिदमच्या मापात होतं, पण गाभा हाच.

स्मॉल एरिया मालिकेत एका बाजूला एसीएसचा एका वर्षाचा मध्यक असतो. होय, जो आकडा कच्चा म्हणून ब्युरो छापत नाही, तोही आत वापरला जातो. दुसऱ्या बाजूला प्राप्तिकर विवरणपत्रांवरून काढलेलं काउंटीचं मध्यक उत्पन्न, काउंटीच्या एकूण उत्पन्नात सरकारी मदतीचा आणि निवृत्तिवेतनासारख्या रकमांचा वाटा, आणि आधीचा जनगणनेचा किंवा पाच वर्षांचा मध्यक अशी माहिती असते. कराचे आकडे थेट का वापरत नाहीत, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण विवरणपत्र म्हणजे घर नव्हे. एका घरातून आई-वडिलांचं एक आणि नोकरी करणाऱ्या मुलीचं दुसरं अशी दोन विवरणपत्रं जातात, आणि शेजारच्या घरातले आजोबा फक्त सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर राहतात म्हणून एकही भरत नाहीत. कराचा आकडा घराच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेला आहे, पण तो घराचं उत्पन्न नाही. म्हणूनच तो रिग्रेशनमध्ये चपखल बसतो आणि थेट लावला तर चुकतो.

२००५ आधी या मालिकेच्या मुळाशी एसीएस नव्हे, करंट पॉप्युलेशन सर्व्हे हे ब्युरोचं दुसरं, लहान सर्वेक्षण होतं. त्याच्या नमुन्यात बहुसंख्य काउंट्यांतलं एकही घर नसायचं. त्यामुळे २००४ आणि २००५ मध्ये एक सांधा आहे. तुमची मालिका २०१० पासून आहे, तुम्हाला तो लागणार नाही. पण उद्या कोणी म्हणालं की मागे १९९७ पर्यंत न्या, तर त्या सांध्याजवळ दिसणारी उडी हा आर्थिक बदल समजू नका.

आता या मालिकेने काय करू नये ते सांगते, कारण चुका इथेच होतात.

तुमच्या प्रबंधात उत्पन्न हे कारण आहे आणि आरोग्य हा परिणाम, असं मी समजते. मग ठीक. पण समजा तुम्ही उलट विचारलंत, की सरकारी मदत वाढली तर काउंटीचं मध्यक उत्पन्न कसं बदलतं, तर तुम्ही स्वतःच्या शेपटीमागे धावत असाल. मदतीचा वाटा त्या मध्यकाच्या पाककृतीतच आहे. छोट्या काउंट्यांत तर आकड्याचा मोठा भाग रिग्रेशनमधूनच आलेला आहे. तुम्हाला 'संबंध' सापडेल, भक्कम सापडेल, आणि तो ब्युरोच्या सूत्राचा असेल. अशा प्रश्नाला एसीएसचा थेट आकडा घ्यावा, मग तो कितीही खडबडीत असो. मी एका प्रबंधाच्या परीक्षणात हे दाखवलं तेव्हा मुलाचा एक आख्खा प्रकरणभर मजकूर गेला. वाईट वाटलं, पण त्याला इलाज नव्हता.

दुसरं, क्रमवारी. प्रत्येक छोट्या काउंटीचा आकडा रेषेकडे ओढलेला असल्यामुळे अंदाजांचा पसारा खऱ्या पसाऱ्यापेक्षा कमी असतो. सर्वात गरीब काउंट्या आहेत त्यापेक्षा थोड्या बऱ्या दिसतात, श्रीमंत थोड्या खाली येतात. थेट आकड्यांत उलटं होतं: योगायोगाने टोकाला गेलेल्या छोट्या काउंट्या यादीच्या दोन्ही टोकांना जमतात. व्हर्जिनियातली लाउडन काउंटी वर्षानुवर्षं वरच्या टोकाला असते, तिच्यात चार लाखांवर माणसं आहेत, तिच्याबद्दल शंका नाही. पण 'देशातल्या सर्वात गरीब दहा काउंट्या' अशी यादी दिसली, की मी आधी त्या काउंट्यांची लोकसंख्या बघते आणि मग मार्जिन.

तिसरं, त्रुटी सोबत न्या. स्वतंत्र चलात मोजमापाची चूक असली की रिग्रेशनमधला उतार शून्याकडे झुकतो. म्हणजे उत्पन्नाचा आरोग्यावरचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. निदान एवढं करा: दिलेल्या मर्यादांवरून प्रत्येक काउंटीची प्रमाण त्रुटी काढा, त्या त्रुटीनुसार आकडे शंभरदा हलवून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवा आणि निष्कर्ष किती हलतो ते लिहा.

व्याख्येचं थोडं, कारण आपल्याकडून आलेल्या मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो. भारताच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. अमेरिकी हाउसहोल्ड, ज्याच्या उत्पन्नाला मी इथे कुटुंब-उत्पन्न म्हणते आहे, म्हणजे एका निवासात राहणारी सगळी माणसं, चूल एक असो वा चार. नोकरी करणारे तीन मित्र एका अपार्टमेंटमध्ये राहत असतील तर तिघांचे पगार मिळून एका हाउसहोल्डचं उत्पन्न. एकटी राहणारी ऐंशी वर्षांची बाईसुद्धा एक हाउसहोल्ड. फॅमिली मात्र नात्याने बांधलेल्या दोन किंवा जास्त माणसांचीच, म्हणून मध्यक फॅमिली-उत्पन्न जवळजवळ नेहमी वर असतं. अमेरिकेच्या घरबांधणी खात्याच्या सवलतींच्या तक्त्यांत हे दुसरं असतं. दोन्ही एका स्तंभात मिसळलेली फाइल मी पाहिली आहे. वसतिगृहं, तुरुंग, वृद्धाश्रम यांतली माणसं हाउसहोल्डमध्ये येत नाहीत, पण कॅम्पसबाहेर भाड्याने राहणारे विद्यार्थी येतात. त्यामुळे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमनसारख्या विद्यापीठाच्या काउंटीचा मध्यक बघाल तेव्हा गरिबी आणि विद्यार्थीदशा वेगळी करून बघा.

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं, ते आपल्या ओळखीचं. ते जिल्ह्यात निर्माण झालेल्या उत्पन्नाला माणसांनी भागून येतं. ती सरासरी आहे. त्यात मधलं घर कुठेच नाही. अमेरिकेतही ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस काउंटीचं दरडोई उत्पन्न काढतं आणि लोक ते मध्यकाच्या जागी बिनदिक्कत वापरतात. वायोमिंगची टीटन काउंटी बघा, जॅक्सन होलचा डोंगराळ भाग. २०२१ मध्ये तिथलं दरडोई उत्पन्न तीन लाख डॉलरच्या वर होतं. मध्यक कुटुंब-उत्पन्न मात्र एक लाखाच्या आसपास. म्हणजे एका आख्ख्या घराचा मध्यक एका माणसाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. मूठभर अतिश्रीमंतांचे लाभांश आणि व्याज सरासरीला आभाळात नेतात. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या आणि बर्फावरच्या लिफ्ट चालवणाऱ्या माणसांची घरं ओळीत जिथे होती तिथेच राहतात. आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याला ही दुसरी माणसं दिसायला हवीत. मध्यकाचा आग्रह मी धरते तो त्यांच्यासाठी.

फाइल उघडल्यावरचं आता भराभर. काउंटीचा ओळख-कोड पाच अंकी असतो आणि काही राज्यांचा शून्याने सुरू होतो. अलाबामातल्या ऑटोगा काउंटीचा ०१००१. एक्सेल तो १००१ करतं आणि मग जोडणीत अलाबामा ते कनेक्टिकट अशी राज्यं गुपचूप गळून पडतात. स्तंभ मजकूर म्हणून वाचा. ब्युरोच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने थेट आकडे मागवायच्या सोयीतून, आकडे घेतलेत तर कुठे कुठे उणे ६६,६६,६६,६६६ दिसेल. ते उत्पन्न नव्हे, 'मध्यक काढता आला नाही' याची खूण आहे. एकाही अशा ओळीने सरासरीचं वाटोळं होतं. २,५०,००१ म्हणजे 'अडीच लाखांच्या वर', हे ट्रॅक्टांत भेटेल.

काउंट्याही बदलतात. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झालं, कोडही बदलला. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. सर्वात त्रासदायक कनेक्टिकट: २०२२ च्या एसीएसपासून तिथल्या आठ काउंट्यांऐवजी नऊ प्लॅनिंग रीजन आले आणि त्यांच्या सीमा जुन्या काउंट्यांशी जुळत नाहीत. तुमची मालिका नेमकी २०२२ ला संपते. गावांच्या पातळीवरचे (पाच वर्षांचे) वर्गवार आकडे घेऊन, वर सांगितल्याप्रमाणे संख्यांची बेरीज करून जुन्या काउंट्या पुन्हा उभ्या करता येतात. एक दिवसाचं काम आहे. ते टाळायचं असेल तर कनेक्टिकटची मालिका २०२१ ला थांबवा आणि तसं लिहा.

डॉलरही बघा. एसीएसचा पाच वर्षांचा आकडा शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतो, स्मॉल एरिया मालिकेचा त्या त्या वर्षाच्या. तेरा वर्षांची मालिका एका वर्षाच्या किमतींवर आणल्याशिवाय मॉडेलमध्ये घालू नका. २०२० बद्दल सावध राहा. महासाथीत मुलाखती इतक्या घटल्या आणि उत्तरं देणारी घरं इतकी वेगळी निघाली, की ब्युरोने एसीएसचे नेहमीचे एका वर्षाचे आकडे छापलेच नाहीत, फक्त प्रायोगिक म्हणून काही दिले. २०२० धरून आणि वगळून, दोन्ही प्रकारे निष्कर्ष तपासा.

राहिला छोट्या काउंट्यांचा प्रश्न. वगळू नका. त्या वगळल्यात तर नेब्रास्का, डकोटा, मोंटाना आणि पश्चिम टेक्ससचा मोठा पट्टा तुमच्या नकाशावरून जातो, आणि जिथे दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे अशी माणसं नेमकी तिथेच राहतात. तुम्ही पाहिलेल्या उड्या बहुधा थेट आकड्यांच्या आहेत. स्मॉल एरिया मालिकेत त्या बऱ्याच निवतील. उरलेल्यांसाठी प्रत्येक काउंटीला तिच्या लोकसंख्येइतकं वजन द्या, म्हणजे ६४ माणसांची काउंटी एक कोटीच्या काउंटीशी बरोबरीने बोलणार नाही, पण तिचा आवाज बंदही होणार नाही. हवाईतली कलावाओ काउंटी मालिकेत सापडणार नाही. मोलोकाईवरची ती जुनी कुष्ठरोग्यांची वसाहत, तिथे शंभरही माणसं नाहीत आणि तिचा अंदाज काढला जात नाही. तिच्यासाठी आकडा बनवू नका. तक्त्यात ती ओळ रिकामी ठेवा आणि खाली एका वाक्यात कारण लिहा.